भिंतीत नसलेला उंबर

ही हकीकत मी आजवर तीनदा लिहायला घेतली आणि तिन्ही वेळा भलतंच काही लिहून उठलो. पहिल्यांदा चांदीच्या पाण्यात कागद कसा भिजवावा यावर चार पानं झाली. दुसऱ्यांदा ठाण्याच्या हवेला नावं ठेवली. तिसऱ्यांदा माझ्या कॅमेऱ्याचं वर्णन इतकं लांबलं की दौतीतली शाई संपली, आणि शाई संपली याचा मला मनापासून आनंद झाला. आता साठी उलटली. कचेरी सुटली. ज्यांना भ्यायचो ते देवाघरी गेले. टाळायला कारण उरलेलं नाही.

अडचण एकच आहे. ज्या दिवसांची मला लाज वाटायला हवी, ते आठवले की आधी हसू येतं.

तेव्हा डोंबिवलीला स्टेशन व्हायचं होतं. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो आणि तलावाच्या मागच्या बाजूला आमचं छोटं कौलारू घर होतं. परत विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियरच्या सामानाचा लिलाव झाला. लोक खुर्च्या आणि मेणबत्तीच्या हंड्या घ्यायला गेले होते. मी कॅमेरा घेऊन घरी आलो. पाय तीन, डोकं एक, वर काळं कापड. पत्नीने दारातच विचारलं, "हा कोण पाहुणा?" आणि पाहुण्याला गोठ्याची वाट दाखवली. म्हैस आम्ही आदल्या वर्षीच विकली होती.

पुढचे सहा महिने मी गोठ्यातच होतो म्हटलं तरी चालेल. काचेवर चित्र उमटवणं मी पुस्तकातून आणि चुकांतून शिकलो. काचेवर सगळं उलटं येतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. ती काच कागदावर ठेवून उन्हात धरली की कागदावर सुलटं होतं. तो कागद मात्र साधा चालत नाही. त्याला अंड्याचा पांढरा बलक लागतो.

ब्राह्मणाच्या घरात अंडं. तयार कागद मुंबईत मिळायचा, पण येईपर्यंत पिवळा पडायचा आणि माझा धीर तर त्याच्याही आधी सुटायचा. कागद घरीच करायचा म्हणजे बलकात मीठ घालून तो फेसायचा, चार दिवस निवळू द्यायचा, गाळायचा, त्यावर कागद तरंगवायचा. वासाचं मी लिहीत नाही. फेसायला मी पहिल्यांदा घरातली ताकाची रवी नेली. ती रवी पत्नीने चिमट्यात धरून खाडीत सोडून यायला लावली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त मांजराच्या मार्फत बोलली.

अंडी आणि मीठ दोन्ही एकाच बाईकडून यायचं. ती खाडीकाठच्या आगऱ्यांपैकी, विधवा, चाळिशीची. डोंबिवलीच्या अंगाला खाडीच्या कडेने त्यांचं गाव, तिथे तिच्या नवऱ्याचं छोटं मिठागर आणि भाजीची वाडी. भरतीच्या पाण्याबरोबर होडीने ठाण्याला यायची, भाजी विकायची आणि ओहोटीला परत जायची. वांग्यांखाली दडवलेली अंडी घेऊन ती आमच्या मागच्या दारी येई. टरफल घरात येता कामा नये, म्हणून गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून ती स्वतः अंडी फोडायची. पांढरं माझ्या कुंड्यात, पिवळं तिच्या डब्यात. पिवळं ती घरी नेऊन तळायची. मला सरसकट अरे-तुरे करायची, ते मला फार आवडायचं. कचेरीत मला कोणी तू म्हणत नसे. मी तिला बाय म्हणायचो.

खिचडीचा शोध अपघाताने लागला. एका जुन्या विहिरीच्या कठड्याची काच मी उन्हात कागदावर ठेवत होतो, आणि शेवग्याचं एक डहाळं वाऱ्याने उडून काच आणि कागद यांच्यामध्ये येऊन बसलं. ते मला दिसलं नाही. कागद काढला तर विहिरीच्या शेवाळलेल्या दगडांवर शेवग्याची पानं पांढरीशुभ्र पसरलेली, आणि त्या पानांना लागून दगडाच्या भेगा शिरांसारख्या गेलेल्या. दगड कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं ते मलाच सांगता येईना. मी ओला कागद दोन बोटांत धरून स्वयंपाकघरात धावलो. पत्नीने बघितलं, मान तिरपी केली, पुन्हा बघितलं.

"ही खिचडीच झाली की," ती म्हणाली. "पण बरी लागतेय."

तेव्हापासून आमच्या घरात त्या चित्रांना खिचडी हाच शब्द.

मला वेड लागलं. दुसरा शब्द नाही. मी भिंती बघत चालू लागलो. पोपडे धरलेला चुना दिसला की थांबायचो. कल्याणच्या जुन्या तटाला हात लावून उभा होतो तेव्हा एका शिपायाने हटकलं, काय चाललंय म्हणून. मी म्हटलं, तब्येत बघतोय. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढच्या वेळी घरून जानवं दिसेल असं उपरणं घेऊन गेलो. कचेरीच्या भिंतीवर ओल आली होती, तिच्यात मला केळीचं बन दिसायचं. एका दाखल्यावर मी खातेदाराच्या नावाऐवजी "मायाळू" असं वेलीचं नाव लिहिलं, आणि शिरस्तेदारांनी, म्हणजे आमच्या वरच्या साहेबांनी, तो दाखला दोन बोटांत धरून सगळ्या कचेरीला वाचून दाखवला.

पुढे पुढे वाऱ्याची वाट बघावी लागेना. एका काचेवर भिंत घ्यायची. दुसऱ्या काचेवर काळ्या घोंगडीपुढे ठेवलेलं झाड. काळ्याच्या जागी काच स्वच्छ राहते, झाडाच्या जागी दाट होते. दोन्ही काचा एकमेकींवर ठेवून खाली कागद, वर ऊन. झाड भिंतीत उजळून निघतं. अळूच्या पानावर देवळाच्या पायऱ्या. केळीच्या फाटक्या पानात फाटक्या दाराचं लाकूड. बोटं चांदीच्या पाण्याने काळी पडली, धुवून जात नसत. पत्नी म्हणाली, इकडून आता कोणाच्या पंगतीला जाऊ नये, चितेचा कोळसा समजून लोक विचारतात कोण गेलं.

यात बायचा हात किती होता, ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो. सुरुवातीला ती डबा भरेपर्यंत गंमत बघायची. मग एकदा मी चुन्याच्या भिंतीवर अळू चढवत होतो, तर तिने माझ्या हातातल्या दोन्ही काचा घेतल्या, उन्हासमोर धरल्या आणि मान हलवली.

"हिला अळू नाय शोभं," ती म्हणाली. "ही भिंत मिठानं खाल्लीय. हिला तिवर लाव."

तिवर म्हणजे खाडीच्या चिखलातलं झाड. दुसऱ्या दिवशी ती तिवराची फांदी घेऊन आली. मी लावली. ती माझी तोवरची सगळ्यात चांगली खिचडी झाली. त्यानंतर कुठल्या भिंतीला कुठलं झाड, हे तीच ठरवायची. मी म्हणायचो घाणेरी, ती म्हणायची नेचा, आणि नेचाच बरोबर निघायचा. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं, पण उलट्या काचेवरचं सुलटं चित्र तिला माझ्याआधी दिसायचं. आम्ही दोघं गोठ्याच्या दारात काचा उन्हाला धरून खिदळायचो आणि पत्नी आतून विचारायची, आज कोणाचं लग्न लावलंत.

तिच्या झोपडीला लागून एक भिंत उभी होती. फिरंग्यांच्या काळातल्या कुठल्याशा वखारीची, पुरुषभर उंच, चांगल्या घडीव दगडांची. जागा तिच्या नवऱ्याची, म्हणजे तिची. झोपडीचं जोतं मातीचं होतं. मोठ्या उधाणाला पाणी आत यायचं आणि जोतं दर वर्षी थोडं विरघळायचं. ती भिंत पाडून तिच्या दगडांचं जोतं बांधायचं तिने ठरवलं होतं. कोपऱ्यातले दगड सुटेही केले होते.

"भिंत पारायच्या आधी तिचा फोटू कारून ठेव, दादा," ती म्हणाली. "बेस भिंत हाय."

रविवारी मी कॅमेरा घेऊन होडीने गेलो. भिंतीची काच घेतली. भिंतीच्या मधोमध वरून खाली एक भेग होती. बाय ती बघत राहिली, मग म्हणाली, या भेगेतून उंबर निघायला पायजे. तिच्या विहिरीपाशी उंबर होता. उंबराला कोणी हात लावत नाही, तो दत्ताचा. तिने आधी हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि एक लहानशी फांदी तोडून मला दिली. आजवर आमच्या खिचड्यांत पान भिंतीएवढं मोठं असायचं, बघणाऱ्याला लगेच कळायचं की हा खेळ आहे. या वेळी मी फांदी लांबून घेतली, इतकी लांबून की तिचा देठ भेगेत बरोबर बसावा. काचा जुळल्या तेव्हा बायने माझ्या पाठीवर थाप मारली. कागदावर दगडांच्या भेगेतून उंबर फुटलेला, पानं चंदेरी, जणू आतून दिवा लावलाय.

मी तो कचेरीत नेला. नेऊ नये ते नेलं.

शिरस्तेदार दत्ताचे भक्त. गुरुवारी उपास, घरात कडक सोवळं. त्यांनी कागद हातात घेतला. मग पायातले जोडे काढले. टेबलाशी बसल्या बसल्या. त्यांनी विचारलं हे कुठे आहे, आणि मी गाव सांगितलं. ते म्हणाले, या पानांना तेज आहे. मी म्हणालो, होय रावसाहेब. मायाळूचा दाखला वाचून दाखवणाऱ्या माणसाने माझ्यासमोर जोडे काढले होते. मी हवेत होतो. दोन काचांचं मी उद्या सांगेन असं ठरवलं. उद्या कळलं की चित्र त्यांनी देवघरात ठेवलंय, दत्ताच्या शेजारी, आणि रोज गंध लावतात.

कागद कशाचा होता ते मला तेव्हा आठवलं. देवघरात, सोवळ्यात, सहा कोंबड्यांचा बलक.

आता दोन काचांचं सांगायचं तर कागदाचंही विचारतील. मी गप्प बसलो. पुढल्या गुरुवारी ते म्हणाले, मला ते स्थान दाखवा. मी ताप आल्याचं सांगितलं. त्याच्या पुढल्या गुरुवारी खरंच ताप आला. तिसऱ्या गुरुवारी ते मला धरूनच होडीत बसले. कचेरीचा मोठा माणूस आला म्हणून गाव जमलं. शिरस्तेदार भिंतीसमोर उभे राहिले. भेग होती. उंबर नव्हता. मी मनात म्हटलं, सुटलो. आता ते रागावतील, मी कान धरीन आणि संपेल.

त्यांनी भेगेवर हात ठेवला. डोळे भरले होते. "काचेला दिसला," ते म्हणाले. "आपल्याला दिसायची पुण्याई नाही."

गावातल्या दोघा-तिघांनी भिंतीला नमस्कार केला. मग सगळ्यांनीच केला. शिरस्तेदार म्हणाले, या भिंतीचा एक दगड हलता कामा नये. पंचांनी माना डोलावल्या. बाय मागे उभी होती, हातात पहार घेऊन. सकाळपासून ती दगडच काढत होती. तिने पहार खाली ठेवली आणि पुढे आली. तिला वाटलं, गैरसमज झालाय, सांगितलं की संपेल. ती हसतच होती.

"ही फांदी मीच तोरून दिलेली," ती म्हणाली. "काचेवर काच ठेवून केलीय. इचारा त्याला."

कोणीतरी म्हणालं, खोटं बोलते, जोत्यासाठी. ती म्हणाली, खोटं कशाला बोलू, चला दाखवते. सगळ्यांना विहिरीपाशी नेऊन तिने उंबरावरची तुटलेली जागा दाखवली. आणि मग गावकरी एक पाऊल मागे सरले, कारण आता ती स्वतःच्या तोंडाने सांगत होती की तिने उंबर तोडला. एका म्हातारीने कानाला हात लावले. खरं ठरवायला तिने जो पुरावा आणला, त्याचंच पाप झालं.

शिरस्तेदार माझ्याकडे वळले. "काय हो, ही म्हणते ते खरं?"

बाय माझ्याकडे बघत होती. अजून तिला काळजी नव्हती. खेळातला गडी आहे, सांगेल. मला देवघर दिसत होतं, गंध लावलेला कागद दिसत होता. मी म्हणालो, "रावसाहेब, कॅमेऱ्यासमोर जे असतं तेच काचेवर येतं."

हे वाक्य खोटंही नव्हतं. तेच त्याचं वाईट.

त्यानंतर ती आमच्या मागच्या दारी कधी आली नाही. पत्नीने दोनदा विचारलं, मी म्हटलं, अंडी नकोत आता. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. मी कॅमेरा घोंगडीत गुंडाळून माळ्यावर टाकला. भिंतीला लाल कापड आलं, दिवा आला, गुरुवारची आरती आली. त्याच पावसाळ्यात मोठ्या उधाणाला बायचं जोतं बसलं आणि झोपडी एका बाजूला कलली. गावातल्या बायका तिला विहिरीवर विचारायच्या, देवाची फांदी किती अंड्यांना दिलीस. हे मला होडीवाल्याने सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता, म्हणून मीही हसलो. ती मिठागर भावाला देऊन विठ्ठलवाडीकडे बहिणीकडे राहायला गेली.

शिरस्तेदार गेल्यावर, मला पेन्शन झाल्यावर, मी त्या दोन काचा शोधल्या. पत्नीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून विठ्ठलवाडीला गेलो. बाय अंगणात वाल सोलत बसली होती. केस पार पांढरे. मला बघून तिने पहिल्यांदा माझ्या बोटांकडे बघितलं.

"धुतलीस बोटां," ती म्हणाली.

मी काचा तिच्या हातात दिल्या. तिने त्या उन्हाला धरल्या, एकीवर एक, सरकवून सरकवून, जीभ दातांत धरून, पूर्वीसारखीच. देठ भेगेत बसला. ती हसली, आणि मीही हसलो. देवा शपथ, आम्ही दोघं तिथे पुन्हा गोठ्याच्या दारात असल्यासारखे खिदळलो. मग मी तोंड उघडलं. मला माफ कर म्हणायला. तिने हात वर केला.

"मना कशाला सांगतंस? मना ठावं हाय," ती म्हणाली. "तिकरं जाऊन सांग."

मी कबूल झालो. येत्या गुरुवारी भिंतीपाशी. ती होडीने येणार होती, मीही.

ती आली. धुतलेलं हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, हातात काही नाही. बायकांपासून वेगळी, आपल्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर बसली. भिंतीपुढे पन्नासेक माणसं होती. माझ्या काखेत काचा. आरती झाली. कोणीतरी मला ओळखलं. हेच ते, यांना दत्ताने काचेत दर्शन दिलं. एक बाई तान्हं मूल घेऊन माझ्या पाया पडली. ज्याने पुजारीपण पत्करलं होतं तो म्हातारा म्हणाला, काका, दोन शब्द सांगा.

म्हणजे मला बोलायला सांगितलं गेलं होतं. मूल माझ्या धोतराचं टोक चघळत होतं. याहून सोपं कुणाला काय करून देणार.

मी म्हणालो, "देवाची कृपा."

आणि हात पुढे केला, आणि त्यावर खोबऱ्याचा तुकडा आला, आणि मी तो खाल्ला.

बाय उठली. माझ्यापाशी आली तेव्हा मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या काखेतलं लुगडं सोडलं, दोन काचा उन्हाला धरून कुठली कुठली ते बघितलं, आणि उंबराची ठेवून घेतली.

"ही माझी," ती म्हणाली. भिंतीची काच मला परत दिली आणि होडीकडे गेली.

पुढल्या वर्षी ती वारली. माझ्या पेटीत आता नुसती भिंत आहे. ऊन पडलं की मी ती काढतो आणि भेगेत काही दिसतं का बघतो, आणि हसू येतं, कारण तिथे काय शोभेल हे मला अजूनही ठरवता येत नाही.

त्या गुरुवारी जे बोलायचं होतं ते फार नव्हतं. पाठ केलं होतं, होडीत म्हणूनही बघितलं होतं. मंडळी, ही बाई खरं बोलली. फांदी हिने दिली. मीठ हिचं, अंडी हिची, आणि उंबर इथे शोभेल हे डोकंही हिचंच. खोटा मी. बाय, मला माफ कर.